रस्त्यावरची लाखोरी

मार्च लागला की माझ्या कानात एक आवाज सुरू होतो. चट्, चट्, चट्. वाळलेल्या शेंगा ट्रकच्या चाकाखाली फुटण्याचा. आता आमच्या घरासमोर ना शेंगा आहेत, ना त्या पसरायला जागा. तरी पळस फुलला, दुपारच्या वाऱ्यात मोहाचा तो उग्र गोड वास मिसळायला लागला आणि गल्लीतली पोरं हातात परीक्षेचं पॅड घेऊन तोंड पाडून निघाली, की मी ओसरीवर बसल्याबसल्या कान टवकारतो. बायको विचारते, "का ऐकून राहिले जी?" मी म्हणतो, "काही नाही." इतक्या वर्षांत हे उत्तर मी इतक्यांदा दिलं आहे की तीही आता विचारायचं म्हणून विचारते.

आमचं घर वरठीच्या रेल्वे फाटकापासून अर्ध्या कोसावर, तुमसरकडून भंडाऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी काठाला. पूर्वी आम्ही तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर यायचो. आता दोन पायऱ्या चढून येतो. घर खचलेलं नाही. रस्ताच दर दोन-चार वर्षांनी डांबराचा एकेक थर खात माजत गेला. पावसाळ्यात त्याचं पाणी आमच्या ओसरीत येतं आणि उन्हाळ्यात त्याची धूळ. तक्रार कुणाकडे करायची? रस्ता व्हावा म्हणून अर्ज करणाऱ्यांत पहिला अंगठा आमच्या बाबूजींचाच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

लाखोरी ज्याला ठाऊक नाही त्याला ती सांगावी लागेल. तुरीची गरीब बहीणच ती. आमच्याकडे धान कापणीला यायच्या आधीच, बांधीत ओल असताना, उभ्या पिकात लाखोरीचं बी फेकून देतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेलं की खाली ही निमूटपणे वाढत असते, निळी-जांभळी फुलं घेऊन. फेब्रुवारी सरता सरता वाळते. तिच्या डाळीचे वडे आमच्याकडच्या लग्नात नसले तर पाहुणे नावं ठेवून जातात. शहाणे लोक सांगत की लाखोरी फार खाल्ली तर पाय लुळे पडतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, काही झालं नाही. आमचे पाय लुळे पडले ते लाखोरी रस्त्यावर पसरल्यामुळे.

आधी ती रस्त्यावर पसरत नव्हतो. घरामागं आमचं खळं होतं, शेणानं सारवलेलं, मधे मेढ रोवलेलं. मेढीभोवती बैल फिरायचे, त्यांच्या मागं बाबूजी. ऐंशी साल उलटलं आणि आमच्याकडे लोखंडाच्या कारखान्याचं काम सुरू झालं. बघता बघता परगावची माणसं आली. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. मी तेव्हा तेविशीचा, कारखान्याच्या बांधकामावर नुकता लागलेलो, अंगात नवी हुशारी. मीच बाबूजींच्या मागं लागलो. "खळ्याची जागा वर्षातून दहा महिने रिकामी पडून राहते. कायले ठेवायची? चार खोल्या काढू." बाबूजींनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "अन् लाखोरी कुठं मळायची बापा?" मी रस्त्याकडे बोट केलं. "तुमच्या बैलाईपेक्षा हे बैल मजबूत आहेत." तेवढ्यात एक गिट्टीचा ट्रक धडधडत गेला आणि ओसरीवरचे तांबे थरथरले. बाबूजी हसले. त्या हसण्यावर आमचं खळं गेलं.

खोट्या आठवणी काढून रडण्यात अर्थ नाही. पहिली दोन वर्षं मजेत गेली. सकाळी उठून लाखोरीच्या पेंढ्या रस्त्याच्या एका अंगाला पसरायच्या, दुसरं अंग जाणाऱ्या-येणाऱ्यांना मोकळं. पसरलेल्या मालाच्या कडेनं दगड मांडायचे, म्हणजे गाडी नेमकी मालावरून जाईल. कारखान्याचे ट्रक, तुमसरकडून मँगनीज घेऊन येणारे ट्रक, एसटी, झाडून सगळे आमची लाखोरी मळून जायचे. मधेमधे काठीनं माल उलथायचा, संध्याकाळी काड बाजूला काढून दाणे झाडून घ्यायचे. बैलाला चारा लागतो, ट्रकला तोही नाही. बाबूजी ट्रकला सरळ बैलाच्या नावानं हाक मारत. हिरव्या रंगाचा गिट्टीवाला दिसला की म्हणत, "आला पहा आपला पवळ्या." पवळ्याचा ड्रायव्हरही हौशी. माय त्याला ताकाचा गडवा द्यायची आणि तो आमच्या मालावरून एक चक्कर जास्तीची मारून जायचा.

पण सगळ्यांनीच खळी मोडली होती. आमच्या आळीत एकाही घरामागं मोकळी जागा उरली नाही, सगळीकडे पत्र्याच्या खोल्या. म्हणून फाटकापर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येकाचा आपापला तुकडा पसरलेला. त्याच रस्त्यावरून कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा, हँडलला डबे लटकवलेला. डांबराच्या कडा ट्रकनी कुरतडलेल्या, सायकल एकदा खाली उतरली की वर चढायची नाही. खड्ड्यांत लोक फुटक्या विटा टाकत आणि ट्रक त्यांचा भुगा करून परत आमच्याच घरात पाठवत. आणि ह्या सगळ्याच्या पुढं ते फाटक. मुंबई-हावड्याची लाइन, दिवसभर मालगाड्या. फाटक पडलं की दोन्ही बाजूंनी गाड्या थांबत, पण रांगेत थांबतील तर त्या गाड्या कसल्या. ह्या बाजूनं आलेले रस्त्याची पूर्ण रुंदी अडवून उभे, त्या बाजूनं आलेलेही तसेच. फाटक उघडलं की दोन्ही फौजा समोरासमोर. मग हॉर्न, शिव्या, आणि कुणीतरी दुकानदार दुकान सोडून वाट काढून देणार. आम्हाला त्याचंही कौतुक वाटायचं. गाव मोठं होत होतं ना.

विमल माझी धाकटी बहीण. शाळेत उशिरा घातली, मधे मायच्या आजारपणात एक वर्ष गेलं, त्यामुळे दहावीला आली तेव्हा तिला अठरा पूर्ण झाली होती. आमच्या घरात पुस्तक घेऊन बसणारी ती पहिली. मार्चमध्ये लाखोरी राखायचं काम तिच्याकडे असायचं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून ती शेळ्या हाकलायची आणि भूमितीची प्रमेयं पाठ करायची. ट्रक आला की डोळे मिटून तोंडातलं वाक्य धरून ठेवायची, ट्रक गेला की पुढचं वाक्य. चट् चट् आवाजात ती काय काय शिकली कोण जाणे. तिला मास्तरीण व्हायचं होतं. ओसरीच्या भिंतीवर खडूनं लिहून आळीतल्या पोरींना शिकवायची सवय तिला होतीच.

बाबूजी वाईट नव्हते, पण त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. साकोलीकडच्या एकोडीहून तिला मागणी आली होती. घर चांगलं, धानाची शेती, मुलगा कष्टाळू. बाबूजींनी तिला समोर बसवून सांगितलं, "एकाच दमात पास झाली त भंडाऱ्याले पुढं शिक, मी आडवा येत नाही. नाही झाली त एकोडीवाल्याईले हो म्हणतो. मंग रडायचं नाही." विमल म्हणाली, "नाही रडत." एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या परीक्षेला जीव आला. माय तिच्यासाठी पहाटे उठून शिरा करायची. मी दर पेपरला तिला भंडाऱ्याच्या एसटीत बसवून द्यायचो. मराठी झाला, हिंदी झाला, इंग्रजीसुद्धा पार पडला. उरला गणिताचा मोठा पेपर आणि त्याच्या मागचे दोन. गणित तिचा हातचा मळ.

गणिताच्या दिवशी पहाटे आभाळ आलं.

मार्चमधलं असं आभाळ ज्याच्या घरी लाखोरी आहे त्यालाच कळतं. एक सर आली की माल काळा पडतो, दाणे फुगतात, वर्षाची डाळ हातची जाते. आमचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा ढीग मळायचा बाकी होता. माझी पाळी दुपारची होती. मी बाबूजींना म्हटलं, "एका बाजूनं पसरवली त दोन दिवस लागन. अख्ख्या रस्त्यावर पसरवून देऊ. येणारेबी मळतीन, जाणारेबी मळतीन. दुपारपर्यंत होऊन जाईन." बाबूजी म्हणाले, "अन् लोकाईले जायले वाट?" मी म्हटलं, "वरूनच जातीन ना. उडून थोडी जातीन." मला माझ्याच हुशारीचं हसू आलं होतं. आम्ही दोघांनी मिळून कडेपासून कडेपर्यंत रस्ता भरला, गुडघाभर. आमचं पाहून शेजाऱ्यांनी भरला, त्यांचं पाहून पुढच्यांनी. आठ वाजेपर्यंत घरापासून फाटकापर्यंत डांबराचा ठिपका दिसत नव्हता. आभाळ सगळ्यांवरच आलं होतं.

विमलची एसटी साडेनऊची. अकराचा पेपर, अर्ध्या तासाचा रस्ता, घाई कसलीच नव्हती. ती वेणी घालून, नवीन पट्टी-पेन्सिल पिशवीत टाकून ओसरीवर उभी होती. सव्वानऊला लोखंडी सळ्यांनी भरलेला एक ट्रक आमच्या मालात शिरला. मधोमध आला आणि गुरगुरून थांबला. मागंपुढं करायला गेला तो आडवा झाला. खालून धूर निघायला लागला. ड्रायव्हर उडी मारून उतरला, पोटावर झोपून खाली पाहिलं आणि ओरडला, "अरे भैया, पूरा शाफ्ट लपेट लिया तुम्हारी घास ने!"

लाखोरीचं काड वेलासारखं असतं, लांब आणि चिवट. एका अंगाला पातळ पसरलं तर चाक त्याला चिरडून जातं. गुडघाभर पसरलं तर ते फिरत्या दांड्याला गुंडाळतं, घट्ट दोरासारखं. हे कुणालाही सुचायला हवं होतं. मी तर कारखान्यात मशिनीजवळ काम करणारा. मी आणि बाबूजी विळे घेऊन ट्रकखाली शिरलो आणि कापायला लागलो. कापावं तितकं निघत होतं. ट्रकच्या मागं गाड्या थांबत गेल्या आणि त्या गाड्यांत, शंभर पावलांवर, विमलची एसटी उभी राहिली. तिला आमच्यापर्यंत येता येईना आणि आम्हाला ट्रक हलवता येईना. मी ट्रकखालून मान काढून पाहिलं तर फक्त विमलच्या चपला दिसल्या. जागच्या जागी उचलत होत्या, ठेवत होत्या.

दहा वाजले तेव्हा माय बोलली. "सायकलीनं ने ना रे तिले. काहून वाट पाहून राहिला?" मी सायकल काढली, विमलला मागं बसवलं आणि निघालो. आपली लाखोरी संपली की शेजाऱ्याची सुरू, ती संपली की पुढच्याची. रस्त्याच्या खाली उतरावं तर तिथं दगडांची रांग आणि पलीकडे नाली. पन्नास पावलांत काड चेनमध्ये अडकलं. उतरून ओढून काढलं. पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा मागचं चाकच जाम झालं. विमल नखांनी काड ओढत होती आणि तिच्या नखांतून रक्त येत होतं. ती म्हणाली, "भाऊ, पायी पळू." मी सायकल तिथंच एका ओसरीला टेकवली आणि आम्ही पळालो. वाळलेल्या लाखोरीवरून पळून पहा. पाय घसरतो, रुततो, आणि आवाज असा येतो की कुणीतरी हसतं आहे.

फाटकाजवळ आलो तेव्हा साडेदहा व्हायचे होते. फाटक पडलेलं. आणि रस्त्याच्या बरोबर मधे एक मालगाडी उभी. जात नव्हती, उभी होती. डोकं एकीकडे दिसेना, शेपूट दुसरीकडे दिसेना.

पलीकडे, दोन डब्यांच्या मधल्या फटीतून, आमच्या शाळेचे मारोतराव मास्तर दिसले. फटफटीवर होते, इकडेच येत होते. त्यांनी विमलला ओळखलं, पिशवी ओळखली आणि सगळं समजून फटफटी जागेवर वळवून भंडाऱ्याकडे तोंड केलं. "ये व पोरी! वाकून ये इकडे! मी नेऊन देतो तुले वीस मिनिटात!" मालगाडीखालून जाणं आमच्याकडे नवं नव्हतं. लोक जात, वर्षभर जात. त्या वेळीही एकजण माझ्यासमोर डोक्यावरची टोपी हातात घेऊन खाली शिरला आणि पलीकडे निघून धोतर झटकून चालायला लागला. फाटकवाला त्याच्या चौकीतून ओरडत होता, "नीचे से कोई मत जाना!" त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

विमल पुढं झाली. मी तिचं मनगट धरलं.

फाटकाच्या खांबाला टेकून गणपत बसला होता. आमच्याच आळीतला, बोरं विकायचा. आदल्या वर्षी तो अशाच उभ्या मालगाडीखालून जात होता. अर्ध्यात असताना गाडीनं झटका दिला. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. तो नको म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि बोरांवरचं ओलं फडकं नीट केलं. माझा हात आणखी घट्ट झाला.

"भाऊ, हात सोड ना."

"आत्ता निघते गाडी. दोन मिनिट थांब."

"गाडी उभीच आहे ना भाऊ. जाऊ दे मले."

"झटका मारला त का करशीन? गणपतले पाहून नाही राहिली का?"

दोन मिनिटं, मग आणखी दोन. मला दर वेळी वाटायचं, इतका वेळ थांबलो, आता सोडलं आणि नेमकी आता हलली तर? जितकं थांबत गेलो तितका हात सोडणं कठीण होत गेलं. विमलनं आधी ओढलं, मग विनवलं, मग ती गाडीच्या चाकांकडे पाहत उभी राहिली. पलीकडून मास्तर मधेमधे घड्याळ दाखवत होते. मी घाबरलो होतो. एवढा मोठा बाप्या, सळ्या उचलणारा, पण माझं पाऊल पुढं पडत नव्हतं. ती उभी गाडी माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात शांत वस्तू होती.

गाडी अकराला पाच कमी असताना हलली. म्हणजे चांगला अर्धा तास ती दगडासारखी उभी होती. फाटक उघडलं आणि नेहमीप्रमाणे दोन्ही फौजा समोरासमोर भिडल्या. आम्ही माणसांतून, बैलगाड्यांतून, चाकांतून वाट काढत मास्तरांपर्यंत पोचलो, तोवर त्यांच्या फटफटीभोवतीही गाड्यांचा वेढा पडलेला. चौघांनी ती उचलून कडेला काढली. विमल मागं बसली आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही. अकरा चाळीसला ते भंडाऱ्याच्या शाळेच्या दारात पोचले. अर्धा तास उशीर चालायचा. दहा मिनिटं जास्तीची झाली होती. मास्तरांनी हात जोडले, पाया पडले म्हणतात. दारावरच्या माणसाला त्याच्या नोकरीची काळजी. त्याचं तरी काय चुकलं.

ती दुपारी घरी आली तेव्हा पाऊस आला नव्हता. आलाच नाही. आभाळ आलं तसं निघून गेलं आणि लख्ख ऊन पडलं. आमची लाखोरी मात्र अशी मळून निघाली होती की तशी कधी निघाली नव्हती. अडकलेल्या गाड्यांनी मागंपुढं करून करून काडाचा भुसा केला होता. संध्याकाळी वाऱ्यावर उपणायला बसलो. बाबूजी सुपातून दाणे सोडत होते आणि त्यांची मान खाली होती. विमल न सांगता आली आणि त्यांच्या समोर बसून खराट्यानं दाणे एका जागी करायला लागली. बाबूजी म्हणाले, "राहू दे व." ती म्हणाली, "करते ना." रडली नाही. नाही रडत म्हणाली होती ना.

ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. मी बाबूजींना म्हटलंही, दोनदा. पण शब्द बाबूजींचा होता, आणि तो मोडायला ते तयार झाले असते तरी एकोडीचे लोक थांबणार नव्हते. "पोरगी लिहतेवाचते, अजून कायले पायजे?" वैशाखात लग्न झालं. पंगतीत वडे होते, त्याच लाखोरीच्या डाळीचे. पाहुण्यांनी फार वाखाणले. मी पंगतीत वाढत होतो. नवरीच्या पानात दोन वडे ठेवले, तिनं दोन्ही खाल्ले.

मी ह्यात कुणाला दोष द्यायचा ते शोधत राहिलो. ट्रकवाल्याला द्यावा तर त्याचाच शाफ्ट आमच्या काडानं धरलेला. रेल्वेला द्यावा तर गाडीला सिग्नल नसेल तर ती काय करणार. रस्ता अरुंद होता, पण तो अरुंद कुणी केला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढं रस्ता रुंद झाला, त्यात आमची बाभूळ गेली. पसरण्यावर बंदी आली, मळायची मशीन आली, मग लाखोरी पेरणंच कमी झालं. मी कारखान्यात फिटर झालो, निवृत्त झालो. कितीतरी गोष्टी दुरुस्त केल्या ह्या हातांनी. लोकांना मी ती गोष्ट सांगायचो तेव्हा नेहमी असं सांगायचो की त्या दिवशी गाडीखालून एखाददुसरा वेडा गेला असेल, पण शहाण्या माणसानं जावं अशी वेळ नव्हती. सांगून सांगून ते मलाही खरं वाटायला लागलं.

विमलचं बरं झालं. हे मी मनाची समजूत घालायला म्हणत नाही, खरंच झालं. जावई भला माणूस, मुलं शिकली, सून मास्तरीण आहे. एकोडीला गेलं की ती धानाच्या बांध्या दाखवत फिरवते. एक गोष्ट मात्र मला तिथं पहिल्यापासून दिसली. गावातल्या सगळ्यांचा माल मार्चमध्ये रस्त्यावर, हिचा नाही. हिच्या घरामागं खळं. दर वर्षी शेणानं सारवलेलं, मधे मेढ. जावई एकदा हसत म्हणाले, "चार दिवस जास्तीचे लागतात भाऊ, बैल भाड्यानं आणा लागते. पण तुमची बहीण रस्त्यावर काडीबी टाकू देत नाही. काहून, ते मले कधी सांगतलं नाही." मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. विमललाही मी विचारलं नाही.

परवा ती आली होती, नातवाच्या जावळाचं आमंत्रण घेऊन. परत जाताना मी तिला ऑटोनं भंडाऱ्याच्या स्टँडवर सोडायला निघालो. फाटकावर आता उड्डाणपूल आहे. फाटक गेलं, आता पूलच भरतो. आम्ही पुलाच्या माथ्यावर पोचलो आणि अडकलो. पुढं ट्रक, मागं ट्रक, बाजूला परीक्षेला निघालेल्या दोन पोरी स्कुटीवर, एकीच्या हातात पॅड. ती सारखी घड्याळ पाहत होती. ऑटोवाला इंजिन बंद करून तंबाखू मळायला लागला. खाली रुळांवर एक मालगाडी उभी होती. पूल झाल्यावरही जुन्या फाटकाच्या जागेवरून माणसं तिच्याखालून वाकून इकडून तिकडे जात होती. पुलावर अडकण्यापेक्षा ते बरं.

विमल ऑटोतून बाहेर मान काढून खाली पाहत होती. बराच वेळ. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं, इतक्या वर्षांनी तरी. मी म्हटलं, "विमल, त्या दिवशी..."

ती खालीच पाहत म्हणाली, "अजूनबी जातात ना भाऊ लोक."

"हाव. वेडे आहेत."

"त्या दिवशी सतरा जण गेले होते," ती म्हणाली. "मी मोजत होती. दोन बाया होत्या त्याच्यात. एकीच्या कडेवर लेकरू होतं."